शंभरातले चौदा

नर्स ब्रॅमलीने कागद माझ्याकडे वळवला.
शंभर चेहरे. दहा ओळी, ओळीत दहा,
सगळे गोल, सगळ्यांना तेच तोंड,
त्यातले चौदा लाल.
तुमच्यासारखे शंभर जण घेतले, ती म्हणाली,
तर दहा वर्षांत चौदांना झटका,
हृदयाचा नाहीतर मेंदूचा.
मी विचारलं, यातला मी कुठला?
ती हसली नाही.
म्हणाली, ते कागदाला ठाऊक नसतं.

घडी घालून खिशात ठेवला.
शर्टाला खिसा एकच असतो, डावीकडे.

अठरा वर्षं हडर्सफील्डात मी बस चालवतो.
बसून. नावातच आहे.

हेमांगीने कागद फ्रिजला लावला
भाच्याच्या लग्नपत्रिकेवर,
आणि त्या रात्रीपासून आमच्याकडे शंभर माणसं जेवायला.
पूर्वी ती फोडणीला तेल नजरेने घालायची,
आणि तिची नजर मोठी उदार.
आता चमचा. चमचाही चहाचा.
तुपाची बरणी टाकली नाही, वरच्या फळीवर गेली,
पाहुण्यांसाठी म्हणे.
सकाळी ओटची लापशी, भिंतीला पोपडे लावावेत तशी.
मसूर, राजमा, सालासकट सफरचंद,
आणि डेपोतल्या सॉसेज रोलसमोरून
मी मान खाली घालून जायचो,
उधारी थकलेल्या दुकानावरून जावं तसा.

सांगलीहून भाऊ फोनवर म्हणाला,
अरे, अण्णा काडीसारखे होते,
रोज दोन मैल चालायचे,
आणि एकोणपन्नासाव्या वर्षी दाढी करता करता गेले.
अर्धा गाल साबणाचाच राहिला.
तेव्हा खा बिनधास्त.
मला उत्तर सुचलं नाही.
अण्णांचं रक्त कधी कुणी तपासलंच नाही.
काय असेल, साडेसात? आठ?
तो आकडा त्यांनी बरोबर नेला
आणि थोडा आम्हा दोघांत वाटून ठेवला.

कालव्याच्या काठाने पहिल्या दिवशी
पहिल्या लॉकपर्यंत पोचलो
आणि बगळा बघायच्या निमित्ताने बसलो.
बगळाही बसलेलाच होता, म्हणजे उभा.
बोलता येईल पण गाता येणार नाही
असं चालायचं, ब्रॅमलीने सांगितलेलं.
एकदा गाऊन पाहिलं.
दुसऱ्या ओळीत दम संपला, बदकं उडाली,
होडीतून एक बाई म्हणाली, सगळं ठीक आहे ना, लव्ह?

मागे नव्व्याण्णव जण येतात.
माझंच टक्कल, माझाच डावा गुडघा.
एकाच्या खिशात भजी आहेत, वास येतो.
एकाने अजून बूट घेतले नाहीत.
एकाला पुलाच्या चढावर छातीत भरून येतं
आणि तो म्हणतो गॅस आहे.
त्याला मी दर वेळी वळून सांगतो,
आजच दाखव, उद्या नको.
तो मान हलवतो. मीही तशीच हलवायचो.

सहा महिन्यांनी पुन्हा सुई.
चार पॉइंट तीनचं तीन पॉइंट सहा.
हे बहुतेक ताटाचं काम, ब्रॅमली म्हणाली,
नुसत्या चालण्याने ते फारसं हलत नाही.
चालण्याने रक्तदाब उतरलाय, पट्टाही सैल झालाय,
आणि ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते जरासं वर आलंय.
दोघांनाही सोडू नका.
मग नवा कागद वळवला.
अकरा.

घरी येऊन दोन्ही कागद शेजारी धरले.
नवव्या ओळीतले तीन जण सुटले होते.
कोण असतील? त्यांना कुणी कळवलं का?
भजीवाला त्यात असावा असं मला वाटत नाही.
शेवटची ओळ पूर्ण लाल, पहिल्यासारखीच,
आणि नवव्या ओळीच्या टोकाला
एक जण एकटाच लाल उरलेला,
तेच गोल तोंड.

याचं काय करायचं, मी विचारलं.
हेमांगीने भाकरी वाढली, कोरडी.
बघितलं त्याच्याकडे.
जेव आधी, म्हणाली,
मग जाशील तेव्हा त्याला घेऊन जा.